दुसऱ्या दंडाचा रक्तदाब: डॉक्टरांचं ज्ञान तपासतात कसं?

एक केस समोर ठेवतो. पुरुष, वय ५८, जुना रक्तदाब, गोळ्या अधूनमधून चुकलेल्या. तासाभरापूर्वी जड खोकं उचलताना छातीत एकदम कळ आली. 'आत काहीतरी टरकन फाटल्यासारखं वाटलं,' असं तो स्वतःच सांगतो. आता दुखणं पाठीत, दोन खांद्यांच्या मध्ये उतरलंय. अंगाला दरदरून घाम सुटलाय. ईसीजी ठळकपणे हृदयविकाराचा झटका दाखवत नाही, पण पूर्ण नॉर्मलही नाही. पुढे काय कराल?

छातीत दुखतंय, घाम आहे, ईसीजी शंकास्पद आहे. साहजिकच हात हेपॅरिनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या औषधाकडे जातो, आणि झटका असेल तर ते बरोबरच आहे. पण ही कळ पहिल्याच क्षणी शिगेला पोचली होती, फाटल्यासारखी होती आणि नंतर पाठीकडे सरकली. हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या धमनीचा, म्हणजे महाधमनीचा आतला पदर फाटला की नेमकं असं होतं. डॉक्टर त्याला 'डिसेक्शन' म्हणतात. अशा रुग्णाला गुठळी विरघळवणारं किंवा रक्त पातळ करणारं औषध देणं जिवावर बेतू शकतं. म्हणजे दोन आजार, दोन्ही छातीत दुखून सुरू होणारे, आणि एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष.

दोन्हीतला फरक दाखवू शकेल अशी एक अगदी साधी गोष्ट आहे: रक्तदाब दोन्ही दंडांवर मोजायचा. फाटलेला पदर एका हाताकडे जाणाऱ्या धमनीच्या तोंडाशी आला असेल, तर त्या हाताचा दाब कमी लागतो. वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक निघाला की कान टवकारले पाहिजेत. फरक नाही म्हणून आजार नाही असं मात्र म्हणता येत नाही, कारण कित्येक डिसेक्शनमध्ये दोन्ही हात सारखेच लागतात. पण फरक मिळाला तर सगळं चित्र पालटतं आणि रुग्ण आधी सीटी स्कॅनकडे जातो. हे काम फार तर दोन मिनिटांचं.

मी वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवतो आणि त्यांच्यासाठी प्रश्नपत्रिकाही काढतो. माझ्यापुढचा खरा प्रश्न असा: दुसऱ्या दंडाला पट्टा कोण बांधेल आणि कोण नाही, हे परीक्षेत कळणार कसं? 'महाधमनीच्या डिसेक्शनची लक्षणे लिहा' असं विचारलं तर जवळजवळ सगळेच लिहितील. त्यातला प्रत्येक जण रात्री दोन वाजता, बाहेर रुग्णांची रांग असताना, ती लक्षणं समोरच्या माणसात ओळखेल का? सगळं घोडं तिथे अडतं.

चार पायऱ्या

जॉर्ज मिलर या अमेरिकी वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञाने १९९० साली या प्रश्नाची फोड चार पायऱ्यांत केली. सगळ्यात खाली 'माहीत आहे'. त्यावर 'कसं वापरायचं ते माहीत आहे'. त्यावर 'करून दाखवतो'. आणि टोकाला 'करतो', म्हणजे कुणी बघत नसताना, रोजच्या कामात. वैद्यकीय शिक्षणात आजही हा पिरॅमिड पहिल्याच तासाला फळ्यावर येतो. त्यातली शिकवण अशी, की खालच्या पायरीवर घेतलेल्या परीक्षेवरून वरच्या पायरीबद्दल ठामपणे बोलता येत नाही. पोहण्यावर उत्तम निबंध लिहिणारा पाण्यात तरंगेलच असं नाही. आणि निबंधच लिहिता येत नसेल तर पोहता येत नसणार, असंही नाही.

खालच्या दोन पायऱ्यांसाठी सगळ्यात जास्त वापरला जातो तो बहुपर्यायी प्रश्न, म्हणजे एमसीक्यू. त्याला घोकंपट्टीची परीक्षा म्हणून नावं ठेवायची पद्धत आहे. मला ते पटत नाही. वाईट एमसीक्यू घोकंपट्टी तपासतो, चांगला एमसीक्यू विचार तपासतो. 'अमुक जंतू कुणी शोधला' हा वाईट. वर दिली तशी केस मांडून 'आता सगळ्यात आधी काय कराल' हा चांगला, पण तो लिहिणं जिकिरीचं असतं. बरोबर उत्तर लिहायला मिनिट पुरतं. चुकीची चार उत्तरं लिहिण्यात दुपार जाते, कारण प्रत्येक चुकीचं उत्तर अर्धवट कळलेल्या माणसाला खरं वाटायला हवं. कुणीच निवडणार नाही असा पर्याय म्हणजे वाया गेलेली ओळ.

परीक्षा झाल्यावर प्रश्नांचीही परीक्षा होते. एकूण गुणांत वर असलेल्यांनी एखादा प्रश्न चुकवला आणि तळातल्यांनी बरोबर सोडवला, तर विद्यार्थ्यांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. प्रश्नच संदिग्ध आहे किंवा उत्तरतालिका चुकली आहे, असं समजून तो काढून टाकतात. उत्तीर्ण व्हायला किती गुण लागावेत हेही हवेतून ठरत नाही, निदान ठरू नये. विल्यम अँगॉफ यांच्या १९७१ च्या लेखावरून ओळखली जाणारी एक रीत आहे. तज्ज्ञांनी डोळ्यांपुढे असा उमेदवार आणायचा, जो अगदी काठावर आहे, जेमतेम पास व्हावा इतकाच. मग प्रश्नागणिक विचारायचं, की असे शंभर जण असते तर हा प्रश्न कितीजणांना आला असता? सगळ्या तज्ज्ञांच्या अंदाजांची सरासरी काढली की पास होण्याची रेषा मिळते. सोपा पेपर असेल तर रेषा वर जाते, अवघड असेल तर खाली येते. सगळीकडे डोळे मिटून ५० टक्के ठेवण्यापेक्षा हे कितीतरी न्याय्य आहे.

तरीही एमसीक्यूत एक खोट राहतेच. पर्यायांत 'दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजा' असं छापलेलं असलं की वाचणाऱ्याच्या डोक्यात दिवा लागतो. खऱ्या रुग्णाच्या कपाळावर पर्याय छापलेले नसतात. आठवणं वेगळं आणि ओळखणं वेगळं.

नेमकं कुठे पाय घसरतो?

यावर कॅनडात १९८० च्या दशकात जॉर्ज बॉर्डाज आणि गॉर्डन पेज यांनी फार शहाणपणाचा मार्ग काढला. त्यांनी म्हटलं, प्रत्येक केसमध्ये दोन-तीनच जागा अशा असतात जिथे डॉक्टर चुकतात आणि जिथे चुकलं तर रुग्णाला भोगावं लागतं. बाकीचं बहुतेकांना जमतंच. मग नाव, गाव, वय, नाडी, ताप या सगळ्याला गुण कशाला वाटायचे? त्या मोक्याच्या जागाच विचारा. उमेदवाराने उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहायचं किंवा लांबलचक यादीतून निवडायचं. यांना 'की फीचर' प्रश्न म्हणतात. डिसेक्शनच्या केसमध्ये मोक्याच्या जागा म्हणजे कळ कशी सुरू झाली हे विचारणं, दोन्ही हात तपासणं आणि खात्री होईपर्यंत रक्त पातळ करणारं औषध हातात न घेणं.

यातली शेवटची जागा मला सगळ्यात मोलाची वाटते. काय केलं याचे गुण सगळेच देतात. काय टाळलं याचे गुण द्यायला परीक्षक बऱ्याचदा विसरतात. तीन आठवड्यांचा खोकला आणि संध्याकाळचा ताप घेऊन आलेल्या रुग्णाचा बेडका तपासायला सांगणं हे बरोबर उत्तर आहे. पण तपासणीआधीच लिव्होफ्लॉक्सॅसिनसारखं अँटिबायोटिक लिहून देणं ही स्वतंत्र चूक आहे. ते औषध क्षयाच्या जंतूंनाही थोडं दाबतं. रुग्णाला काही दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. ज्याने बेडका सांगितला आणि हे औषधही दिलं, त्याला पूर्ण गुण कसे द्यायचे?

आता एक गोष्ट, जी कळल्यावर परीक्षांकडे बघण्याची माझी नजरच बदलली. शितावरून भाताची परीक्षा करायची आपल्याला सवय आहे. डॉक्टरांच्या बाबतीत हे चालत नाही. आर्थर एल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टर विचार कसा करतात यावर बरीच वर्षं काम केलं आणि १९७८ साली ते प्रसिद्ध केलं. त्यांची अपेक्षा अशी होती की चांगल्या डॉक्टरकडे विचार करण्याचं एक सर्वसाधारण कौशल्य सापडेल, जे कुठल्याही केसला लावता येतं. तसं काही सापडलं नाही. एका केसमध्ये उत्तम ठरलेला डॉक्टर दुसऱ्या केसमध्येही उत्तम ठरेल, असं सांगता येईना. हृदयाच्या केसवर लख्ख असलेला माणूस मेंदूज्वरावर अडखळतो, आणि उलटही होतं. कौशल्य ज्ञानाला चिकटलेलं असतं, हवेत तरंगत नसतं.

याचा अर्थ सरळ आहे. एक लांब केस देऊन तासभर तोंडी परीक्षा घेणं ही कितीही भारदस्त परंपरा असली तरी त्यातून त्या एका केसपुरतंच कळतं. शिवाय परीक्षक बदलला की निकाल बदलतो. एक परीक्षक प्रेमळ, दुसरा खाष्ट, तिसऱ्याला स्वतःच्या आवडीच्या विषयापलीकडे काही विचारायचंच नसतं. अमेरिकेत राष्ट्रीय परीक्षा घेणाऱ्या मंडळाने रुग्णाच्या खाटेशी होणारी तोंडी परीक्षा १९६० च्या दशकात बंद केली, ती याच कारणाने. दोन परीक्षकांचं मत जुळत नव्हतं. व्हायवाला, म्हणजे या तोंडी परीक्षेला, मी टाकाऊ म्हणणार नाही, कारण विद्यार्थी कुठे अडकलाय हे समोरासमोर जितकं कळतं तितकं कागदावर कळत नाही. शिकवण्यासाठी ती अजोड आहे. कुणाच्या परवान्याचा निकाल तिच्या एकटीच्या जोरावर लावणं मात्र चुकीचं.

रुग्णाचं सोंग

'करून दाखव' या पायरीसाठी १९७५ साली स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन यांनी नवी मांडणी केली. तिचं लांबलचक नाव आता कुणी घेत नाही, सगळे 'ऑस्की' म्हणतात. एका दालनात ओळीने टेबलं, म्हणजे स्टेशनं. प्रत्येक स्टेशनवर ठराविक मिनिटं. इथे छाती ऐक, तिथे एक्स-रे वाच, पुढच्या ठिकाणी वाईट बातमी सांग. घंटा वाजली की सगळ्यांनी एक घर पुढे सरकायचं. सगळ्यांना तेच प्रश्न, परीक्षकाच्या हातात तीच यादी, आणि एकाऐवजी दहा-वीस केसेस. एका शितावर निकाल लावायची अडचण यात बरीचशी सुटते.

स्टेशनवरचा रुग्ण खरा असतोच असं नाही. हॉवर्ड बॅरोज या मज्जासंस्थेच्या डॉक्टरने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला लॉस एंजेलिसमध्ये एका धडधाकट स्त्रीला मल्टिपल स्क्लेरोसिस या मेंदू आणि मज्जारज्जूच्या आजाराच्या रुग्णाचं हुबेहूब सोंग घ्यायला शिकवलं. पाय लुळे कसे दाखवायचे, कुठल्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं आणि विद्यार्थी कसा वागला हे नंतर कसं लिहून ठेवायचं, सगळं तिला पढवलं होतं. त्या वेळी याची टिंगल झाली. आज जगभरात असे प्रशिक्षित रुग्ण परीक्षेत बसतात.

त्यांचा मुख्य नियम एकच: विचारलं तरच सांगायचं. वजन घटलंय का हे डॉक्टरने विचारलं नाही तर तोंड मिटून बसायचं. बोलणारा रुग्ण असूनही ही परीक्षा अवघड होते ती यामुळेच. बोलता येणं आणि विचारता येणं यांना लोक वरवरचं कौशल्य समजतात, पण ते निदानाचंच अंग आहे. कॅनडातल्या एका अभ्यासात राष्ट्रीय परीक्षा दिलेल्या ३,४२४ डॉक्टरांचा पुढची कित्येक वर्षं मागोवा घेतला. परीक्षेत रुग्णाशी संवाद साधण्यात ज्यांना कमी गुण होते, त्यांच्याविरुद्ध पुढे तक्रारी जास्त झाल्या. २००७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. परीक्षेचा एक तुकडा दशकभरानंतरच्या वागण्याबद्दल काही सांगू शकतो, ही साधी गोष्ट नाही. तरीही अमेरिकेने परवान्याच्या परीक्षेतला असा प्रशिक्षित रुग्णांचा भाग, जो २००४ मध्ये सुरू झाला होता, २०२१ मध्ये कायमचा बंद केला. माझ्या मते ते नुकसानच झालं.

शंभरातले किती?

गंभीर आजारांच्या निदानात एक ज्ञान असं लागतं जे शरीरशास्त्राच्या पुस्तकात नसतं. ते म्हणजे शक्यतेचा हिशेब. १९७८ साली हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांतल्या ६० जणांना, त्यात विद्यार्थी होते, निवासी डॉक्टर होते आणि वरिष्ठही होते, एकच प्रश्न विचारला गेला. एक आजार हजारात एकाला असतो. त्याची तपासणी निरोगी माणसांपैकी ५ टक्क्यांना चुकून पॉझिटिव्ह दाखवते. ज्याची कुठलीच लक्षणं माहीत नाहीत अशा एकाची तपासणी पॉझिटिव्ह आली. त्याला खरंच तो आजार असण्याची शक्यता किती?

क्षणभर थांबून स्वतः उत्तर द्या.

सगळ्यात जास्त लोकांनी ९५ टक्के म्हटलं. आता बोटांवर मोजू. हजार माणसं घ्या. त्यांतला एक खरा आजारी, तपासणी त्याला पकडेल असं धरू. उरलेल्या ९९९ निरोगी माणसांतल्या ५ टक्क्यांना, म्हणजे साधारण ५० जणांना, खोटा पॉझिटिव्ह रिपोर्ट येईल. एकूण पॉझिटिव्ह ५१, त्यात खरा एक. उत्तर जेमतेम २ टक्के. साठातल्या ११ जणांनीच ते बरोबर दिलं. २०१४ मध्ये ६१ जणांना हाच प्रश्न पुन्हा विचारला, तेव्हा १४ जणांचं बरोबर आलं. मधली ३६ वर्षं यात फारसा फरक पडला नाही.

हा गणिताचा खेळ नाही. दोन टक्क्यांना ९५ टक्के समजणारा डॉक्टर निरोगी माणसाला कर्करोगाच्या भीतीत लोटतो, सुया टोचतो, नको त्या शस्त्रक्रियेपर्यंत नेतो. आणि हेच विद्यार्थी संवेदनशीलता (तपासणी किती आजाऱ्यांना पकडते), विशिष्टता (किती निरोगींना बरोबर निगेटिव्ह दाखवते) या शब्दांच्या व्याख्या परीक्षेत मात्र बिनचूक लिहितात.

खऱ्या कामात तर आकडेही हातात नसतात. नवी माहिती आली की आपला अंदाज किती हलवायचा, एवढंच हातात असतं. ते तपासायला माँट्रियलमधल्या बर्नार शार्लां यांनी एक चाचणी तयार केली. नमुना असा: धाप लागलेली स्त्री समोर आहे, तुमच्या मनात फुप्फुसात गुठळी अडकल्याची शंका आहे. आता कळतं की तीन आठवड्यांपूर्वी तिचा पाय प्लास्टरमध्ये होता. शंका वाढली, कमी झाली की जागच्या जागी राहिली? उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत एक आकडा द्या. यात एकच बरोबर उत्तर नसतं. अनुभवी डॉक्टरांच्या गटाने आधी तीच केस सोडवलेली असते आणि त्यांच्यापैकी जितक्यांशी तुमचं उत्तर जुळेल त्या प्रमाणात गुण मिळतात. तज्ज्ञांमध्येही मतभेद असतात, हे मान्य करणारी परीक्षा मला प्रामाणिक वाटते.

चुकणं आणि चुकल्याचं न कळणं

२०१३ साली अमेरिकेतल्या ११८ फिजिशियन डॉक्टरांना चार केसेस सोडवायला दिल्या, दोन सोप्या आणि दोन अवघड. माहिती टप्प्याटप्प्याने दिली: आधी तक्रार, मग तपासणी, मग साधे रिपोर्ट, शेवटी खास रिपोर्ट. दर टप्प्यावर दोन गोष्टी विचारल्या, निदान काय आणि खात्री किती. सोप्या केसेसमध्ये निदान ५५.३ टक्के वेळा बरोबर आलं, अवघड केसेसमध्ये फक्त ५.८ टक्के वेळा. निदानाची पार वाताहत. आणि खात्री? दहापैकी सोप्या केसेसमध्ये ७.२, अवघडमध्ये ६.४. बरोबर येण्याचं प्रमाण जवळजवळ दहापट घसरलं, पण खात्री एका गुणानेही खाली आली नाही. शिवाय ज्यांची खात्री जास्त होती त्यांनी पुढच्या तपासण्या कमी मागवल्या.

मला हा अभ्यास या सगळ्या विषयाचा कणा वाटतो. अज्ञान असणं गुन्हा नाही. आजार हजारो आहेत आणि कुणालाच सगळे येत नाहीत. आपल्याला येत नाही हे ज्याला कळतं तो पुस्तक उघडतो, वरिष्ठाला फोन लावतो, रुग्णाला पुढे पाठवतो. ज्याला कळत नाही तो ठामपणे पुढे जातो, आणि त्याच्या ठामपणामुळे रुग्णही निर्धास्त होतो. तरीसुद्धा बहुतेक परीक्षांमध्ये 'खात्री किती' हा रकानाच नसतो.

आता वरची पायरी, 'करतो'. २००० साली अमेरिकेत एक तुलना झाली. त्याच डॉक्टरांना त्याच आजारांवर तीन प्रकारे तपासलं: लेखी केस देऊन, प्रशिक्षित रुग्ण पाठवून, आणि त्यांनी लिहिलेल्या केसपेपरवरून. प्रशिक्षित रुग्णांच्या बाबतीत ७६.२ टक्के गोष्टी बरोबर केल्या होत्या, लेखी केसमध्ये ७१ टक्के, आणि केसपेपरवर ६५.६ टक्केच दिसत होत्या. म्हणजे लेखी केस वास्तवाच्या बरीच जवळ होती. केसपेपर मागे पडले, कारण डॉक्टर करतात ते सगळं लिहीत नाहीत.

हे वाचून कुणालाही वाटेल की मग लेखी केसच पुरेशी आहे. पण २०१५ मध्ये दिल्लीतल्या अभ्यासाचे आकडे आले. क्षयाची लक्षणं पढवलेले रुग्ण दवाखान्यांत पाठवले गेले. तिथे वैद्यकीय पदवी असलेले आणि नसलेले, दोन्ही प्रकारचे लोक उपचार करत होते. रुग्ण खोटा आहे हे त्यांना ओळखू येत नव्हतं. २५० भेटींपैकी ५२ मध्येच रुग्णाला योग्य रीतीने हाताळलं गेलं, म्हणजे २१ टक्के. त्यांच्यातल्या ६९ जणांना तीच केस तोंडी सांगून विचारलं, 'तुम्ही काय कराल?' तेव्हा ५० जणांनी छातीचा एक्स-रे किंवा बेडक्याची तपासणी सांगितली. प्रत्यक्ष रुग्ण समोर आला तेव्हा ६९ पैकी ७ जणांनीच ती सांगितली होती.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथे आडात पाणी आहे, पण पोहऱ्यात येत नाही. का येत नाही याचं उत्तर ज्ञानाच्या परीक्षेत सापडणार नाही. दोन मिनिटांत रुग्ण संपवायची घाई, तपासणी सांगितली तर रुग्ण दुसरीकडे जाईल ही भीती, औषध दिलं की रुग्ण खूश, आधी साधं औषध देऊन बघू ही सवय, अशा कितीतरी गोष्टी आड येत असतील. अशा डॉक्टरला आणखी एक पाठ देऊन काही साधणार नाही, कारण तो पाठ त्याला येतो. आणि ज्याला खरंच येत नाही, त्याला वेळ आणि साधनं देऊनही काही साधणार नाही. म्हणून दोन्ही मोजमापं लागतात, लेखी केसही आणि ओळख न देता गेलेला रुग्णही. दोन्हींतलं अंतर कळलं तरच इलाज कशावर करायचा ते कळतं.

पदवीनंतर काय, हा प्रश्न बहुतेकजण गिळून टाकतात. २००५ साली डॉक्टरांच्या कामगिरीच्या ६२ मूल्यमापनांचा एकत्रित आढावा निघाला. त्यातल्या ३२ मध्ये प्रॅक्टिसची वर्षं वाढत गेली तसं तपासलेल्या प्रत्येक बाबतीत कामगिरी खाली येताना दिसली. अनुभवाचं मोल मी नाकारत नाही. पण विशीत शिकलेलं औषध पन्नाशीत कालबाह्य झालेलं असतं, आणि ते कुणी दाखवून दिल्याशिवाय कळत नाही. ठराविक वर्षांनी चाचणी घेण्याला अनेक डॉक्टर अपमान समजतात. विमान चालवणाऱ्याला दर काही महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये बसवतात, तेव्हा त्याचा अपमान झाला असं कुणी म्हणत नाही.

परवान्याच्या परीक्षेतले प्रश्न आता चॅटजीपीटीसारखी संगणकाची भाषा-प्रारूपंही पास होण्याइतके सोडवतात. त्यावर बरीच चर्चा चालते, मी फार बोलणार नाही. एवढंच म्हणेन, की प्रश्नात सगळी माहिती नीट वाढून ठेवलेली असते. दुसऱ्या दंडाचा रक्तदाब कुणीतरी आधीच मोजून लिहिलेला असतो.

माझ्या वर्गात गेली काही वर्षं एक छोटी पद्धत चालू आहे. रिपोर्ट यायच्या आधी विद्यार्थ्याने कागदाच्या कोपऱ्यात आपलं निदान आणि खात्रीचा आकडा लिहायचा. पेनने लिहायचा, खोडायचा नाही. महिनाअखेरीस सगळे कागद काढून बसायचं आणि जिथे ८ लिहिलं तिथे खरोखर दहापैकी आठ वेळा बरोबर आलं का ते मोजायचं. सुरुवातीला सगळ्या कागदांवर ८ आणि ९ दिसतात. चार-पाच महिन्यांनी ५ दिसायला लागतात, ३ दिसतात, आणि त्या ३ च्या शेजारी बारीक अक्षरात काहीतरी लिहिलेलं असतं. 'सरांना विचारायचं.' 'सीटी होईपर्यंत हेपॅरिन नको.' एका कागदावर होतं, 'उजवा १६८/९४, डावा १३०/८२, पुन्हा मोजला, तेवढाच.'